ऊसतोडीला गेलेल्या बाळाचा पुढचा डोस कोणी द्यायचा? (बीडपासून कृष्णाकाठापर्यंत सगळ्यांनी लिहा)

नर्सताई_बालाघाट
२२ ऑक्टोबर, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यात डोंगरपट्ट्यातल्या एका उपकेंद्रावर एएनएम, म्हणजे गावची सरकारी नर्स आहे, सतरा वर्षं झाली. इथे नेहमी नुसती वाचत असते, आज लिहायला बसले कारण आठ दिवसांत माझं अर्धं गाव रिकामं होणारे. दसरा झाला की मुकादमांचे (टोळी जमवून नेणाऱ्यांचे) फोन सुरू होतात, उचल म्हणजे आगाऊ रक्कम तर आधीच घेतलेली असते, मग ट्रॅक्टर येऊन उभे राहतात आणि भांडी, गोधड्या, पत्र्याची पेटी, शेळी, कोंबड्या, लेकरं सगळं एका ट्रॉलीत चढतं. मागे राहतात म्हातारी माणसं. कोणी सांगली कोल्हापूरला, कोणी साताऱ्याला, कोणी सोलापूरला, काही टोळ्या पार कर्नाटकात. परत येणार ते मार्च-एप्रिलला.

माझ्या रजिस्टरला आज दोन वर्षांच्या आतली ३१ बाळं आहेत, त्यातली १९ जाणार. गरोदर ११, त्यातल्या ६ जाणार. एकीचा सातवा सुरू आहे आणि हिमोग्लोबिन फक्त ८.२.

एकच बाळ सांगते म्हणजे लक्षात येईल. ८ ऑगस्टचा जन्म. दीड महिन्याचा डोस १९ सप्टेंबरला झाला, अडीच महिन्याचा आत्ता १७ तारखेला झाला, साडेतीन महिन्याचा १४ नोव्हेंबरला ड्यू. म्हणजे पेंटाचा (पाच आजारांवरच्या एकत्र लसीचा) तिसरा, पोलिओ, जुलाबावरची रोटा, न्यूमोनियाची लस, सगळं त्याच दिवशी. त्या तारखेला हे बाळ कुठल्या फडात (ऊसतोडीच्या रानात) असेल ते मला माहीत नाही आणि त्याच्या आईलाही माहीत नाही. मी कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिला दिलं, म्हणलं बाई हे पेटीत ठेव, पावसात भिजू देऊ नको, जिथं जाशील तिथल्या आशाला, गावच्या आरोग्य कार्यकर्तीला दाखव. ती हो म्हणली. मागच्या वर्षी पण अशाच सगळ्याजणी हो म्हणल्या होत्या.

आपलं लसीकरणाचं वेळापत्रक आणि उसाचा हंगाम अगदी एकमेकांच्या अंगावर येतात हे मला इतक्या वर्षांत पाठ झालंय. जुलै-ऑगस्टचं बाळ साडेतीन महिन्याला चुकतं. फेब्रुवारी-मार्चचं बाळ नऊ महिन्याच्या गोवर-रुबेलाला चुकतं कारण ते नऊ महिन्याचं होतं नोव्हेंबर-डिसेंबरात. आणि जे फडातच जन्मतं, कोपीत म्हणजे टोळीच्या तात्पुरत्या झोपडीत, त्याला तर जन्माचे डोससुद्धा कधी कधी मिळत नाहीत.

मागच्या हंगामात असंच एक फेब्रुवारीचं बाळ गोवरची लस न घेता गेलं. जानेवारीत फडात गोवर झाला, त्यावरून न्यूमोनिया, तिकडच्या सरकारी दवाखान्यात दहा दिवस ठेवलं आणि वाचलं. एप्रिलमध्ये माझ्यासमोर वजनकाट्यावर ठेवलं तेव्हा जाताना होतं त्याच्यापेक्षा पाऊण किलो कमी भरलं. त्याचा उजवा कान अजून वाहतोय. मी त्या आईला काय सांगू? लस फुकट आहे, माझ्याकडे आहे, त्या तिकडच्या गावातल्या सिस्टरकडेही आहे. बाळ दोघींच्या मधे सांडलं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की सगळी सेवा गावाला बांधलेली आहे, माणसाला नाही. ती माणसाबरोबर जायची तर यादी माणसाच्या आधी तिकडे पोचली पाहिजे. मी यादी करायला तयार आहे. पण देऊ कोणाला? कृष्णाकाठ, वारणाकाठ, नीरेचा पट्टा, माढा-करमाळा, सीमाभाग, तिकडच्या आरोग्य केंद्रातलं कोणी इथे असेल तर कृपा करून लिहा.

कृष्णाकाठ
२३ ऑक्टोबर, सकाळी ७.०५

ताई, मी तुमच्या समोरच्या टोकाला आहे, सांगली जिल्ह्यात पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) मेडिकल ऑफिसर. चार साखर कारखान्यांच्या टोळ्या माझ्या कार्यक्षेत्रात उतरतात. आमची बाजू सरळ सांगतो.

लसीकरणाच्या मायक्रोप्लॅनमध्ये, म्हणजे कुठं कधी सत्र त्या आखणीत, आम्ही वीटभट्टी, पालं, ऊसतोड टोळ्या हे सगळं हाय रिस्क एरिया म्हणून दाखवतो, सत्रही लावतो. पण प्लॅन होतो सप्टेंबरात आणि टोळी नोव्हेंबरात कुठं उतरेल ते तेव्हा कोणालाच ठाऊक नसतं. मागच्या वर्षी एका बुधवारी आमची सिस्टर व्हॅक्सिन कॅरियर घेऊन ओढ्याकाठच्या कोप्यांवर गेली, सकाळी साडेदहाला. चाळीस कोप्या आणि मोठं माणूस एक नाही. एक आठ-नऊ वर्षांची पोरगी, कडेवर भाऊ, चुलीपाशी उभी. आई कुठंय? फडात. कार्ड कुठंय? माहीत नाही. बाळाचं वय? माहीत नाही. सिस्टर काय करणार, परत आली. पहाटे चारला कोयता सुरू होतो आणि आपलं सत्र दहा ते चार, हे कधी जुळायचंच नाही.

दुसरं म्हणजे व्हायल, लसीची बाटली. गोवर-रुबेलाची लस एकदा डायल्यूट केली की चार तासांत संपवायची, उरलेली टाकायची. एका बाळासाठीही उघडा असं ट्रेनिंगमध्ये सांगतात, तरी वेस्टेजचा आकडा मीटिंगला विचारला जातो म्हणून सिस्टरचा हात थांबतो. मला आधी कळलं की अमुक ठिकाणी गोवरची पाच बाळं आहेत तर ती बिनघोर उघडेल.

यादी मला द्या. आईचं नाव, बाळाची जन्मतारीख, झालेले डोस, पुढची तारीख, मुकादमाचं नाव आणि कारखाना. शेवटचे दोन सगळ्यात महत्त्वाचे, कारण आमच्याकडे माणूस गावानं नाही, टोळीनं सापडतो.

आणि इथे कोणी सिस्टर-आशा वाचत असतील तर, कार्ड हरवलं म्हणून बाळ परत पाठवू नका आणि मधे खंड पडला म्हणून पहिल्यापासून सुरूही करायचं नसतं, राहिलेल्या डोसापासून पुढे.

संपादक मंडळ
२३ ऑक्टोबर, सकाळी ८.३०

चांगला धागा आहे. एकच विनंती, कोणत्याही आईचं-बाळाचं नाव, फोन, गाव इथे उघड टाकू नका. याद्या व्यक्तिगत निरोपातच द्या.

बघूया_तरी
२३ ऑक्टोबर, सकाळी ९.१२

पण आता यू-विन, सरकारचं लसीकरण नोंदीचं ॲप आहे ना? देशात कुठेही लस घेतली तरी नोंद होते. अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकरला पण स्थलांतराची सोय आहे, महिला-बालविकास विभागानं स्थलांतरितांच्या ट्रॅकिंगचं वेगळं ॲपही काही जिल्ह्यांत सुरू केलं होतं. मग परत वहीत यादी आणि फोनाफोनी कशासाठी? सिस्टीम असताना समांतर सिस्टीम काढली की दोन्ही बुडतात असा माझा अनुभव आहे.

नर्सताई_बालाघाट
२३ ऑक्टोबर, दुपारी २.२०

@बघूया_तरी बरोबर विचारलंत. ॲप मी रोज वापरते, वाईट नाहीये. बाई कार्ड किंवा मोबाईल घेऊन सत्रावर आली तर तिची आधीची नोंद तिथे निघते, ही मोठी गोष्ट आहे. पण ॲप बाई येण्याची वाट बघतं. ती आलीच नाही तर तिकडच्या सिस्टरला कोण सांगणार की तुझ्या हद्दीत एक साडेतीन महिन्याचं बाळ उतरलंय? आणि मोबाईल नंबर बघितलात तर निम्म्या घरांत नवऱ्याचा किंवा दिराचा, रिचार्ज संपला की हंगामभर बंद. मी नोंद तिथेच करणार, वेगळी नाही. ही यादी म्हणजे फक्त हाक आहे, बाई तुझ्याकडं येतीये, बघ.

@कृष्णाकाठ डॉक्टर, फार बरं वाटलं. मुकादम आणि कारखान्याचा रकाना आमच्या कुठल्याच रजिस्टरला नाही. आजच वहीत आखला.

कोपीतली_लेक
२३ ऑक्टोबर, रात्री ११.५०

मी कोपीत वाढले. ती कडेवर भाऊ घेतलेली पोरगी डॉक्टरांनी लिहिली ना, ती मीच होते समजा. हंगामी वसतिगृहात जागा मिळाली म्हणून माझी शाळा टिकली, आता संभाजीनगरला लॅब टेक्निशियन आहे.

एक गोष्ट तुम्हा आरोग्यवाल्यांना कळायला पाहिजे म्हणून लिहिते. खाडा. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाईनं एक दिवस दवाखाना केला की कोयता मोडतो, तो खाडा लागतो, आमच्या वेळी ५०० रुपये. उचलीतून फिटायचे ते पैसे उलटे अंगावर चढतात. म्हणून आई ताप आला तरी जायची, पोटात दुखलं तरी जायची. धाकट्या भावाच्या वेळी आठवा महिना होता, तरी मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायची, ती पायाच्या बोटांनी फळी कशी धरायची ते मला अजून दिसतं. तुम्ही सकाळी अकराला आलात आणि म्हणलात बाळाला घेऊन या, तर तुम्ही तिला ५०० रुपये मागताय.

आणि दुसरं, बाळांचं सगळे बोलतात, बायांचं कोणी बोलत नाही. फडात आडोसा नाही, पाणी नाही, पाळीत तेच ओलं कापड. अंगावरून पांढरं जायला लागतं, सुरुवातीला साधी तपासणी आणि आठवड्याच्या गोळ्यांनी बरं होईल असं ते असतं, पण सहा महिने कोणी तपासत नाही, गावी परत येईपर्यंत बाई कंटाळलेली असते आणि मग एखादा खासगी दवाखाना सांगतो पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. माझ्या आईची काढली तेव्हा ती तिशीत होती. त्या दवाखान्याचं नाव लिहीत नाही. २०१९ ला बीडच्या बायांचं हे प्रकरण गाजलं, नीलमताई गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, ८२,३०९ बायांची पाहणी झाली आणि त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यानंतर बीडमध्ये खासगीत असं ऑपरेशन करायला सिव्हिल सर्जनची परवानगी लागायला लागली, ते चांगलं झालं. पण परवानगी हा शेवटचा दरवाजा आहे. माझ्या आईला मधल्या दहा हंगामांत एकदा जरी कोणी नीट तपासलं असतं तर ती त्या दरवाजापर्यंत गेलीच नसती.

पायवाट
२४ ऑक्टोबर, सकाळी ६.४५

@कोपीतली_लेक ताई, हे लिहिलंत म्हणून आभार.

गटप्रवर्तक_मराठवाडा
२४ ऑक्टोबर, दुपारी १.००

पैशाचं कोणीतरी बोलायला पाहिजे म्हणून मी बोलते. माझ्याखाली २२ आशा आहेत. बाळाचं पहिल्या वर्षाचं लसीकरण पूर्ण झालं की आशाला १०० रुपये, दुसऱ्या वर्षाचं पूर्ण झालं की ७५. आता हे बाळ बघा. जन्म, दीड महिना, अडीच महिना इकडच्या आशानं केलं, साडेतीन महिना सांगलीच्या आशानं, नऊ महिना परत इकडं. पूर्ण कोणी केलं? इकडं म्हणतात मधला डोस तुझा नाही, तिकडं म्हणतात हे बाळ तुझ्या गावाचंच नाही. आमच्याकडं तरी दोघींचेही पैसे अडकलेले मी बघितलेत. गृहभेटींचं तेच, दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जायचं, सहा भेटींचे मिळून २५०. फडात बाळंत झालेली पंधराव्या दिवशी दुसऱ्या गावाला हलली तर?

आशांनी २०२३-२४ मध्ये दोन वेळा संप केला तो हौसेनं नाही. बाई चांगलीच आहे, बोलवलं तर संध्याकाळी सहाला पण कोप्यांवर जाईल, पण तिच्या पेट्रोलचा आणि तिच्या डोसाचा हिशेब धरा. एक डोस एक मोबदला असं स्थलांतरितांपुरतं जरी केलं तरी पुष्कळ होईल, त्याला राज्यानं एक पत्र काढायचं काम आहे.

ऊसवाला
२४ ऑक्टोबर, सायंकाळी ७.३०

मी ऊस पिकवतो, कारखान्याचा सभासद आहे. सगळा बोजा कारखान्यावर टाकू नका अशी विनंती. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे १० रुपये घ्यायचं सरकारनं ठरवलेलंच आहे, तेवढेच सरकारनं घालायचेत. आरोग्य हे सरकारचं काम, आम्ही साखर करतो.

निवृत्त_शेतकी
२४ ऑक्टोबर, रात्री ९.१५

ऊसवाले दादा, तुमचं पैशाचं म्हणणं समजलं, पण इथं कारखान्याकडं पैसे कोणी मागत नाहीये. माहिती मागतायत आणि ती आपल्याकडं आहे.

मी एका कारखान्यात शेतकी खात्यात ३२ वर्षं काढली. डॉक्टरसाहेब म्हणतात टोळी कुठं उतरली कळत नाही. साहेब, कारखान्याला रोज कळतं! तोडणी-वाहतुकीचा करार होतो तेव्हा मुकादमाचं नाव, गाव, कोयते किती हे सगळं लिहून घेतलेलं असतं. हंगाम सुरू झाला की कुठल्या टोळीनं आज कुणाच्या रानात तोडायचं हा प्रोग्राम गट ऑफिसातून, म्हणजे कारखान्याच्या त्या भागातल्या ऑफिसातून निघतो. आणि फडावर रोज जाणारा आमचा एक माणूस असतो, चिटबॉय, काही ठिकाणी स्लिपबॉय म्हणतात. गाडी भरली की चिठ्ठी तोच देतो. त्याला टोळीतलं पोरगंपोर ओळखतं. कोपी कुठं आहे, कोण बाळंतीण आहे, कुणाला ताप आहे, त्याला सगळं माहीत असतं. फक्त त्याला आजपर्यंत कोणी विचारलं नाही. मला तरी कधी कुठल्या आरोग्यसेविकेचा फोन आला नाही आणि मी पण कधी केला नाही, हे आता वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट वेळेची. पंधरवड्याला मुकादम टोळीला खर्ची, म्हणजे खर्चाला पैसे देतो, त्या दिवशी किंवा आठवडी बाजाराला बाया कोपीवर असतात, डोकी धुतात, बाजार करतात. त्या दिवशी दुपारनंतर सत्र लावा. खाडा लागायचा प्रश्नच नाही. बाजाराचा दिवस कुठला ते चिटबॉय सांगेल.

राज्यात हंगामाला दोनशेच्या आसपास कारखाने चालतात. प्रत्येकाच्या गट ऑफिसात जवळच्या पीएचसीचा नंबर आणि पीएचसीत गट ऑफिसचा नंबर भिंतीवर लावला तर किती खर्च येईल?

कृष्णाकाठ
२४ ऑक्टोबर, रात्री ९.४०

साहेब, सतरा मीटिंगा झाल्या असतील माझ्या या विषयावर, चिटबॉय हा शब्द एकीतही निघाला नाही. उद्या सकाळी गट ऑफिसला स्वतः जातो.

पायवाट
२५ ऑक्टोबर, सकाळी १०.२०

मी संस्थेत काम करते, पुण्यात, आधी काही वर्षं गडचिरोलीत होते. राज्यभर भागीदारी म्हणलं की लोकांना एमओयू, फोटो आणि लोगो आठवतात म्हणून थोडं लांबण लावते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च या संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बाईला शिकवून घरोघर नवजात बाळाची काळजी घ्यायला लावली, १९९५ ते ९८. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६० टक्क्यांहून जास्त घटले, १९९९ ला ते जगभर छापून आलं. पण लोक म्हणाले ही बंगांची कमाल आहे, दुसरीकडे होणार नाही. मग काय झालं, तर २००१ च्या सुमारास राज्यातल्या १३ संस्थांनी आधी आपापल्या भागात बालमृत्यू मोजले, सगळ्यांनी एकाच पद्धतीनं, आणि त्यातल्या काहींनी पुढे तीच पद्धत आपापल्या भागात राबवली, शहरी वस्त्यांतसुद्धा. मृत्यू तिथेही घटले. पुढे २०११ ला केंद्रानं ते आशांच्या कामात घेतलं. वर गटप्रवर्तक ताईंनी ३, ७, १४ असे दिवस मोजले ना, ते तिथून आलेत. एक चांगली संस्था एवढ्यानं हे झालेलं नाही, वेगवेगळ्या ठिकाणच्या लोकांनी सारखंच मोजलं म्हणून झालं.

दुसरं लोकाधारित देखरेखीचं. २००७ ला अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे, ठाणे या पाच जिल्ह्यांत सुरू झालं. गावची समिती स्वतः आरोग्यसेवेचं प्रगतिपत्रक भरायची, हिरवा, पिवळा, लाल, आणि जनसुनावणीत ते अधिकाऱ्यांसमोर मांडायची. नर्सबाई येतात का, डोस मिळतो का, औषध बाहेरून आणायला लावतात का. लाल रंग दिसला की अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागायचं आणि पुढच्या फेरीत तो पिवळा झालेला मी बघितलाय. पण ऊसतोडीच्या कुटुंबाला या समितीत जागा कुठली? जनसुनावणी भरते तेव्हा ती फडात असतात, आणि फडाच्या गावच्या समितीत ती परकी. दोन्हीकडच्या कागदावर ती नाहीत.

म्हणून ताईंच्या यादीला माझी एकच भर. यादी पाठवली एवढ्यावर थांबू नका, परत आलेलं उत्तर पण लिहा. १९ पाठवली, किती सापडली, किती डोस झाले, किती नाही आणि का नाही. एका हंगामाचा असा खरा कागद हातात असला की जिल्हा परिषदेला, महामंडळाला, साखर आयुक्तालयाला दाखवता येतो.

साताऱ्याचा_रहिवासी
२५ ऑक्टोबर, दुपारी ३.००

मोठ्या माणसांचंही बघा राव. आमचा सातारा बीपीच्या कार्यक्रमात पहिल्यापासून आहे, २०१७ च्या शेवटी देशात पाच राज्यांत सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा घेतले होते. केंद्र, राज्य, आयसीएमआर आणि डब्ल्यूएचओ सगळे मिळून. त्यात भारी काही नव्हतं, ठरलेली औषधं सगळीकडे सारखी, महिनाभराच्या गोळ्या एकदम द्यायच्या आणि माणूस तारखेला आला नाही तर फोन करायचा. माझ्या वडिलांना तसा फोन आला होता, म्हणून ते परत गेले, नाहीतर बरं वाटतंय म्हणून गोळी सोडली होती. चाळिशीतले तोडणीवाले बीपीची गोळी गावी सोडून येतात आणि इथं उन्हात चक्कर येऊन पडतात. औषध तेच, डोस तोच, मग बीडची चिठ्ठी साताऱ्यात चालायला काय हरकत आहे?

सीमाभाग_निपाणी
२६ ऑक्टोबर, सकाळी ८.१०

आमच्याकडे पण बीडच्या टोळ्या येतात, आणि इथे राज्यच बदलतं, कर्नाटक लागतं. आमच्या आशा कन्नड-मराठी दोन्ही बोलतात त्यामुळे बोलायचा प्रश्न नाही, पण आईच्या कार्डाला इथे तायी कार्ड म्हणतात आणि तुमचं महाराष्ट्राचं कार्ड बघितलं की नवीन सिस्टर जरा बुचकळ्यात पडते. डोस सगळे तेच असतात हो. माझी बहीण इथे आशा आहे, तिनं सांगितलंय यादी माझ्याकडे द्या, मी सिस्टरला दाखवते. राज्यभर म्हणताय ते ठीक, पण ऊस नदीच्या दोन्ही काठांना आहे, आम्हाला पण धरा.

नर्सताई_बालाघाट
२६ ऑक्टोबर, रात्री १०.०५

मंडळी, गेले चार दिवस घरकाम उरकलं की हेच वाचत बसते. आज काय केलं ते सांगते. गावात तिन्ही मुकादमांच्या घरी गेले, कारखाना आणि गट लिहून घेतला. एक म्हणाला सिस्टर कशाला आमच्या भानगडीत पडता, मी म्हणलं दादा तुमच्या नातवाचा पण डोस आहे यादीत. मग नंबर दिला. सहा गरोदर बायांना गोळ्या महिनाभराच्या ऐवजी दोन महिन्यांच्या बांधून दिल्या, ८.२ वालीच्या सासूला बसवून समजावलं, तिला या खेपेला ठेवून घ्या म्हणून. सासू म्हणाली उचल कोण फेडणार. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती जातीये. तिचं नाव यादीत पहिलं लिहिलंय.

गोवरची वेळ झालेल्या तीन बाळांना नऊ महिने पूर्ण झालेले होते, त्यांना निघायच्या आदल्या दिवशी दारात जाऊन टोचलं, अ जीवनसत्त्वाचा डोसही दिला. तेवढी तरी निर्धास्त गेली.

याद्या डॉक्टर कृष्णाकाठ, निपाणीच्या ताई आणि साताऱ्याला एक, अशा तीन ठिकाणी पाठवल्या.

कोपीतली_लेक
२६ ऑक्टोबर, रात्री १०.३०

ताई, ८.२ वाली कुठल्या बाजूला गेली ते मला कळवा. त्या पट्ट्यात माझी मावशी दरवर्षी असते, ती कोपीवर जाऊन येईल.

कृष्णाकाठ
१६ नोव्हेंबर, सायंकाळी ६.५०

धागा वर आणतो. गट ऑफिसनं चिटबॉयचे नऊ नंबर दिले. त्यातल्या एकानं १३ तारखेला फोन केला, टोळी आमच्या शेजारच्या गावात ओढ्याला उतरलीये, उद्या बाजार. परवा बाजाराच्या दिवशी दुपारी चारला सिस्टर आणि आशा गेल्या. ताईंच्या यादीतली पाच बाळं एकाच जागी सापडली आणि यादीत नसलेली आणखी सात, दुसऱ्या तालुक्यातली. गोवरची व्हायल उघडली, वाया फार गेली नाही. ८.२ वाली बाई आली होती, आज तपासलं तर ७.६. तिला ग्रामीण रुग्णालयात लोहाच्या सलाइनसाठी नेतोय, चिटबॉय मुकादमाशी बोललाय, त्या दिवसाचा खाडा लावणार नाही असं तो म्हणाला.

आणि ८ ऑगस्टचं बाळ. साडेतीन महिन्याचा डोस झाला. कार्ड पेटीतच होतं, पिशवीत.

नर्सताई_बालाघाट
१६ नोव्हेंबर, रात्री ९.२०

डॉक्टर, कार्डाचा फोटो मिळाला. तुमच्या सिस्टरचं अक्षर सुंदर आहे, त्यांना सांगा. नऊ महिन्याची तारीख ८ मे, तोवर बाळ माझ्याकडे परत आलेलं असेल.

पायवाट ताई म्हणाल्या तसं हिशेब लिहिते. १९ पैकी पाच कृष्णाकाठला सापडली, चार निपाणीला, तीन साताऱ्याला, त्यातल्या ज्यांचे डोस ड्यू होते त्या सगळ्यांचे झाले. चार टोळ्यांबरोबर अजून हलतायत, चिटबॉयशी बोलणं झालंय. तीन बाळांचा पत्ताच नाही. त्यांचा मुकादम शेजारच्या तालुक्यातला, नंबर बंद येतो. एका बाळाच्या आजीला विचारलं तर कारखान्याचं नाव तिला आठवत नाही, मागच्या वर्षी कारखान्याच्या दारात मोठं पिंपळाचं झाड होतं आणि रेल्वेचं फाटक ओलांडून जावं लागायचं एवढंच सांगते. सोलापूर जिल्ह्यात असावं असा माझा अंदाज आहे. माढा, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी या बाजूचं कोणी असेल आणि असा कारखाना ओळखीचा वाटत असेल तर मला रात्री कितीही वाजता निरोप टाका.